पाटबंधारेवाल्याला विचारा : पंचवीस वर्षांचा पाण्याचा प्लॅन असतो तरी कसा?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो की राज्याचा एकात्मिक जल आराखडा झालाय, पण तो वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. झालं, पत्रांचा ढीग. दोघांनी माझीच खरडपट्टी काढली, की तुम्ही अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात केली, तुम्ही तरी वाचलात का. वाचला हो, सगळा नाही. आता त्या ढिगातली काही पत्रं घेतलीत, थोडी काटछाट करून, आणि नावं मुद्दाम छापत नाही कारण एकजण अजून नोकरीत आहे.

प्रश्न : काका, मी एमपीएससीचा अभ्यास करते. जल मंडळ, जल परिषद, मजनिप्रा, खोरे विकास महामंडळ ही सगळी नावं पाठ झालीत. पण यातलं लांबचा विचार कोण करतं आणि रोजचं पाणी कोण सोडतं हे क्लासच्या नोट्समध्ये कुठंच सापडत नाही. – विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पोरी, नोट्सवाल्यांना दोष देऊ नकोस, बरीच वर्षं हे सरकारलाही धड सांगता आलं नसतं. रोजचं पाणी सोडतो तो जलसंपदा विभाग, आमच्या तोंडी अजून पाटबंधारेच. धरणं-कालव्यांना पैसा उभा करायचा म्हणून १९९६ पासून एकेक करत पाच महामंडळं आली, कृष्णा खोरं सगळ्यात आधी, मग विदर्भ, तापी, कोकण, गोदावरी मराठवाडा. कृष्णेचीच घाई का, तर राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) दिलेलं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकतो असंही म्हटलेलं, त्यामुळं तोवर अडवलं नाही तर हातचं जाईल असा धसका बसला, रोखे काढले, एकदम ढीगभर कामांचे नारळ फुटले आणि त्यातली कितीतरी पुढं वर्षानुवर्षं अर्धवट लोंबकळत राहिली. तारीख होती, टार्गेट होतं, पैसा पण होता. तरी त्याला मी प्लॅन म्हणणार नाही, ती एसटी सुटायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यातली गत होती.

त्याच सुमाराला लांबचा विचार दुसरीकडं शांतपणे चाललेला. माधवराव चितळ्यांच्या अध्यक्षतेखाली १९९५ ला जल व सिंचन आयोग नेमला, १९९९ ला त्यांचा रिपोर्ट आला. राज्याची ५ खोरी, त्यांची २५ उपखोरी, आणि कुठं पाणी किती, गरज किती असा विचार त्या हिशोबानं. हे फार मोठं काम होतं, कारण तोपर्यंत आपण जिल्ह्याच्या आणि मतदारसंघाच्या नकाशावर पाणी मोजायचो आणि नदीला तर कलेक्टर ऑफिसची हद्द कळत नाही. मग २००५ चा कायदा आला, त्यातून मजनिप्रा म्हणजे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण जन्माला आलं. कायद्यात वाटणी अगदी सोपी आहे बघ : आराखड्याचा मसुदा करायचा मुख्य सचिवांच्या जल मंडळानं, मंजूर करायचा मुख्यमंत्र्यांच्या जल परिषदेनं, आणि नवा प्रकल्प त्या आराखड्यात बसतो का हे तपासायचं मजनिप्रानं.

आता गंमत ऐक. कायदा २००५ चा आणि जल परिषदेची पहिली बैठक व्हायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात आराखडाच नाही, पण प्रकल्पांना मंजुऱ्या चालूच! वाल्मी म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे २०१४ मध्ये जनहित याचिका घेऊन औरंगाबाद खंडपीठात गेले, कोर्टानं आराखडा होईपर्यंत नव्या प्रकल्पांना मंजुरी नको असं बजावलं, तेव्हा कुठं चक्रं हलली आणि आधी गोदावरीचा, मग बाकी खोऱ्यांचे आराखडे झाले. परीक्षेसाठी एक लक्षात ठेव, २०११ च्या दुरुस्तीनं शेतीला किती, उद्योगाला किती, पिण्याला किती हे ठरवायचा अधिकार मजनिप्राकडून मंत्रिमंडळाकडं गेला. ठोक पाण्याचे दर ठरवायचं काम मात्र प्राधिकरणाकडंच राहिलं.

प्रश्न : बापजाद्यांनी जमिनी दिल्या तेव्हा ही धरणं झाली. बागा आमच्या, कर्ज आमचं, आणि ऑक्टोबर आला की पाणी चाललं जायकवाडीला. हे कसलं नियोजन? – द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

प्रश्न : नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय भरला की पेपरात फोटो, आमच्या चारीला (कालव्याच्या फाट्याला) मात्र धूळ. वरची मंडळी आमच्या हक्काचं पाणी अडवून बसलीत, यांच्यावर कुणाचा वचक आहे का नाही? – शेतकरी, जायकवाडी डावा कालवा, परभणी जिल्हा

उत्तर : दोन्ही पत्रं मुद्दाम शेजारी ठेवली. तुम्ही दोघं एकाच नदीचं पाणी पिता आणि एकमेकाचं तोंड बघत नाही, निदान इथं तरी बघा.

जायकवाडीचा पाया १९६५ चा. उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे साधारण ७६.६५ टीएमसी. हे धरण एवढं मोठं का केलं, तर पैठणच्या वर नाशिक-नगरमध्ये इतकं इतकं पाणी वापरलं जाईल आणि उरलेलं खाली येईल असा एक हिशोब मांडलेला. पुढं वर त्या हिशोबाच्या पलीकडं जाऊन धरणं होत गेली, आणि नंतर नव्यानं गणित केलं तर खोऱ्याचा येवाच, म्हणजे वर्षाला येणारं पाणीच, पूर्वी धरला होता त्यापेक्षा कमी निघाला. म्हणजे ताट एकाचं, जेवायला चौघं, आणि भाकरी पण लहान झाली. यात निफाडवाल्यानं चोरी केली नाही आणि परभणीवाल्यानं लाडीगोडी लावली नाही, कागदावरचं पाणी नदीतल्या पाण्यापेक्षा जास्त निघालं एवढंच. शिवाय आपल्याकडं धरणाचं डिझाइन बहुतेक ७५ टक्के विश्वासार्हतेवर असतं, म्हणजे चार वर्षातली तीन वर्षं तेवढं पाणी मिळेल असं धरतात. चौथ्या वर्षी काय करायचं हे कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं, आणि भांडणं तर सगळी चौथ्या वर्षीचीच असतात.

२००५ च्या कायद्यात कलम १२(६)(ग) आहे, त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की टंचाई असेल तर ऑक्टोबर अखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतला वापरण्याजोगा साठा, खरिपात वापरलेलं धरून, टक्केवारीनं अंदाजे सारखा राहील असं बघायचं. वाक्य छान आहे, पण 'सारखा' म्हणजे किती, कुणी किती सोडायचं, कधी सोडायचं, हे ठरल्याशिवाय इंजिनिअर गेट उचलू शकत नाही ना. २०१२ च्या दुष्काळात हे उघडं पडलं. मग मेंढेगिरी समिती बसली, २०१३ मध्ये त्यांनी मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड अशा धरणसमूहांचा एक तक्ताच करून दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा हिशोब ६५ टक्क्यांवर असेल तर वरून काही सोडायचं नाही, कमी असेल तर वरच्या कुठल्या समूहात किती साठा आहे त्यावर कुणी किती ते ठरणार. मजनिप्रानं सप्टेंबर २०१४ मध्ये त्यावर आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये हायकोर्टानं समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली.

मला विचाराल तर राज्यात लांब पल्ल्याचं नियोजन म्हणून जे काय खरोखर चालतं त्यात हा तक्ता सगळ्यात वर. यातलं एक वाक्यही पाणी वाढवणारं नाही. कमी पडलं की कुणी किती सोसायचं हे तो आधीच सांगतो, म्हणूनच कुणालाच आवडत नाही. नाशिक-नगरला वाटतं लुटलं, मराठवाड्याला वाटतं तुकडा टाकला. एखाद्या वाटपावर दोन्ही बाजू सारख्याच चिडल्या असतील तर माझ्या अनुभवात ते फार चुकलेलं नसतं. त्याचा फेरविचार करायला २०२३ मध्ये नवी अभ्यास समिती नेमली तेही बरोबरच आहे, आकडे बदलतात तसे तक्ते बदलायला हवेत, फक्त ते बदलायचे पाऊस चांगला झालेल्या वर्षी, सगळ्यांची डोकी थंड असताना.

आता दोघांना वेगवेगळं थोडं सांगतो. निफाडकर, २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ऑक्टोबर अखेर निघाला आणि प्रत्यक्ष पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मधले दिवस कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनात गेले. तुम्हाला वाटलं तेवढं पाणी वाचलं, पण नदीचं पात्र जितकं कोरडं होत जातं तितकं ते जास्त पाणी पितं, म्हणजे पैठणला तेवढंच पोचवायचं तर वरून उलट जास्त सोडावं लागतं. लवकर सोडलं तर तुमचंच कमी जातं. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या काढायच्या, नदीकाठच्या मोटारींची लाइट बंद ठेवायची, हा सगळा तमाशा मी जवळून बघितलाय, त्यात शेवटी भरडला जातो तो नदीकाठचा लहान शेतकरी.

आणि परभणीकर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाथसागर १०० टक्के भरला त्या वर्षी तरी तुमच्या चारीला पाणी आलं का, हे तुम्ही लिहिलंच नाही. डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे, जुना झालाय, जागोजागी अस्तर गेलंय, मूळ डिझाइनएवढं पाणी त्यात आता बसत नाही. तुम्ही टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहात. वरच्यांशी भांडून तुमची चारी दुरुस्त होणार नाही हो, ते भांडण तुमच्या स्वतःच्या कालव्यावर आहे आणि तिथं कुणी मोर्चा नेत नाही कारण तिथं शत्रू समोर दिसत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २१० फ्लॅट, डिसेंबरपासून टँकर. खडकवासला फुल असूनही ही वेळ येते. पुण्यासाठी नवीन धरण बांधायचा प्लॅन कुणी करत का नाही? – सोसायटीचे सेक्रेटरी, पुणे

उत्तर : खडकवासला फुल म्हणजे किती माहितीय? २ टीएमसीच्या आत. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारीचं मिळून २९.१५. आणि त्याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरच्या कालव्याचं आवर्तन आहे, त्यामुळं तुमचा प्रत्येक जादा थेंब कुणाच्या तरी उसातून नाहीतर गव्हातून येतो. उसाचं काय ते वेगळं भांडण, त्यात आज शिरत नाही.

नवीन धरण कुठल्या नदीवर बांधणार? वरचं सगळं अडवून झालंय. शहराचा लांबचा प्लॅन आता नळाकडून नाही, गटाराकडून सुरू होतो. आपण वापरलेल्या पाण्यातलं बहुतेक परत बाहेर येतं, ते धड शुद्ध करून शेतीला दिलं तर तेवढं धरणातलं शहराला ठेवता येतं. मुंढव्याचा जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) याच विचारानं केलेला, वर्षाला ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी कालव्यात टाकायचं असं ठरलेलं. किती टाकलं आणि ते कसल्या दर्जाचं होतं यावर महापालिका आणि पाटबंधारे यांची पत्रापत्री तुम्ही पेपरात वाचत असालच. जे शुद्ध न होता नदीत जातं ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. तीच उजनी जिचा ११७ टीएमसीतला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठाच (एरवी वापरात न धरलेला तळाचा साठा) आहे आणि जी २०२४ च्या उन्हाळ्यात मायनस ५० टक्क्यांच्या खाली गेली. सोलापूरकर ते पाणी पितो.

तुमच्या सोसायटीपुरतं विचाराल तर आधी फ्लॅटवार मीटर बसवा. कमिटीत भांडणं होतील, होऊ द्या.

प्रश्न : वैनगंगा-नळगंगा जोड झाली की आमचा दुष्काळ कायमचा मिटणार असं सगळे सांगतात. खरं का? – वाचक, बुलडाणा जिल्हा

उत्तर : गोसीखुर्दपासून निघून तुमच्या नळगंगेपर्यंत ४२६ किलोमीटरच्या आसपासचा जोडकालवा, खर्च ८७ हजार कोटींच्या पुढं, २०२४ मध्ये मान्यता. व्हावा, माझा विरोध नाही. फक्त ज्या गोसीखुर्दमधून तो निघणार त्याची गोष्ट तेवढी ऐका. मूळ अंदाज ३७२ कोटी, भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते, २०१६ पर्यंत सुधारित किंमत १८ हजार ४९४ कोटी. भूमिपूजन बघायला आलेल्या शेतकऱ्याचा नातू आता शेती करतो आणि कालव्याची कामं अजून चालू. तेव्हा जोडकालव्याच्या भरवशावर आज शेततळं करायचं थांबवू नका एवढंच म्हणेन. तहान लागल्यावर विहीर खणू नये असं म्हणतात, आपल्याकडं तहान लागल्यावर विहिरीचं टेंडर निघतं आणि मग ते रिवाइज होतं.

प्रश्न : साहेब, मी खात्यात नवीन शाखा अभियंता आहे. वरून 'दीर्घकालीन नियोजनासाठी माहिती तातडीने सादर करावी' असं पत्र येतं, मुदत दोन दिवस. मी मागच्या वर्षीचे आकडे थोडे फिरवून पाठवतो. बदली तीन वर्षांनी ठरलेली. यात मी नक्की काय प्लॅनिंग करतोय? – (नाव, गाव नको)

उत्तर : तुमचं पत्र वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं. मीही तेच केलंय.

एक किस्सा सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कालव्यावर मोजणीचं रजिस्टर माझ्या ताब्यात आलं. त्यात ओळीनं तीस दिवस एकच विसर्ग लिहिलेला, अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखा, आणि त्यातले चार दिवस तर कालवा बंद होता! मोजणीदाराला विचारलं तर म्हणाला साहेब मोजपट्टी दोन वर्षांपूर्वीच वाहून गेली, वर कळवलंय. आता हेच आकडे वर गेले, त्यांची बेरीज झाली, बेरजेचा ग्राफ झाला आणि तो ग्राफ कुठल्यातरी पंचवीस वर्षांच्या आराखड्यात पान नंबर अमुकवर रंगीत छापला गेला असणार. मला अजून ते रजिस्टर आठवतं.

म्हणून सांगतो, प्लॅनिंग वर मंत्रालयात होतं असं समजू नका. तुमच्या ताब्यात जे धरण आहे त्यात गाळ किती भरलाय? पूर्ण भरलं म्हणून आपण जो आकडा लिहितो तो धरण बांधलं तेव्हाचा का आजचा? नाशिकच्या मेरीकडून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) गाळाचं सर्वेक्षण झालं असेल तर तो रिपोर्ट ऑफिसात शोधा, बहुतेक एखाद्या कपाटावर धूळ खात असेल. कालव्याच्या मुखाशी किती सोडलं आणि शेतावर किती पोचलं यातला फरक एकदा स्वतः पायी फिरून बघा, जीपमधून दिसत नाही. बाष्पीभवनाला किती धरता? पाणीपट्टीची मागणी किती आणि वसुली किती? वसुली नाही तर दुरुस्तीला पैसा नाही, दुरुस्ती नाही तर टेलला पाणी नाही, पाणी नाही तर पाणीपट्टी का द्यायची, असं ते चक्र आहे आणि पंचवीस वर्षांच्या प्लॅनमध्ये मला तरी सगळ्यात आधी हेच चक्र तुटलेलं बघायचंय, नवीन धरणांची यादी नंतर.

दुसरं म्हणजे पूर. आपल्या खात्याची सगळी ट्रेनिंग टंचाईची, जमेल तेवढं साठवा. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात जे झालं त्यानंतर धरण कुठल्या तारखेला किती रिकामं ठेवायचं याचं वेळापत्रक, तुमच्या भाषेत आरओएस, हे नुसतं फाइलला लावायचं कागद राहिलेलं नाही. लवकर भरलं आणि पूर आला तर तुमची चूक, रिकामं ठेवलं आणि पाऊस गेला तर पण तुमचीच. अशा वेळी आधी लिहून मंजूर करून घेतलेलं वेळापत्रकच तुम्हाला वाचवतं.

बदलीचं म्हणाल तर त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. चार्ज देताना एक वही ठेवून जा. सरकारी नाही, साधी. कुठला गेट अडतो, कुठल्या चारीवर कोण भांडतं, कुठल्या महिन्यात कुठं गळती वाढते. माझ्या आधीच्या साहेबांनी ठेवली होती, मला तिचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच रिपोर्टचा झाला नाही.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण सामान्य शेतकऱ्यानं बोलायचं कुठं? आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा आम्हाला पत्ताच नव्हता. – पाणी वापर संस्थेचे संचालक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आराखड्याच्या वेळी कुणालाच पत्ता नसतो, पण दरवर्षी एक जागा असते, कालवा सल्लागार समितीची बैठक. पावसाळा संपून १५ ऑक्टोबरचा साठा कळला की रब्बीला किती आवर्तनं, उन्हाळ्यात किती, हे तिथं ठरतं. तुमची संस्था २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखाली नोंदलेली असेल तर तुम्हाला पाणी घनमापानं मोजून मिळायचा हक्क आहे, एकरावर नाही, हे तिथं ठणकावून मागा. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाडला जाऊन या एकदा, तिथल्या संस्थांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप हातात घेतलं, आणि पाणी मोजून मिळतं म्हटल्यावर कुणाला किती हे भांडण गावातल्या गावात मिटायला लागलं.

बैठकीला जाताना मागच्या तीन वर्षांत आवर्तन कुठल्या तारखेला सुटलं, तुमच्या चारीला कुठल्या दिवशी पोचलं आणि किती दिवस चाललं हे एका कागदावर लिहून न्या, दोन झेरॉक्स काढा, एक अध्यक्षांपुढं ठेवा आणि दुसरीवर कार्यकारी अभियंत्यांची पोच घ्या. भूजलाबद्दलची आणि बोअरची पत्रं बाजूला काढून ठेवलीत, ती पुढच्या अंकात.